पावडर कोंबडीला चोळून काय होणार? किडे खुराड्यात आहेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परसातल्या कोंबडीपालनावर लेख आला होता, त्याचं कात्रण मी जपून ठेवलं आहे. खाद्य, पाणी, लसी, पिल्लांची ऊब याबद्दल त्यात जे लिहिलं आहे ते सगळं मला पटलं. पण कोंबड्यांना किडे झाले तर अंगाला पावडर चोळावी, असं म्हणून लेखकाने एका ओळीत जो विषय उरकला, त्याच विषयापायी माझी एक कोंबडी गेली. ती ओळ वाचून आणखी कुणी माझ्यासारखं दोन महिने पावडर चोळत राहू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं आहे, तरी कृपा करून कापू नये.

मी घरी शिवणकाम करते. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. खुराडं आमच्या ह्यांनी जुन्या पलंगाच्या फळ्यांचं केलेलं. आत बसायला दोन आडव्या दांड्या आणि अंडी घालायला दोन खोकी. चार वर्षं कसली तक्रार नव्हती. मग एका तिन्हीसांजेला कोंबड्या आत जाईनात. दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि मागे फिरून भिंतीवर चढून बसायच्या. आम्हाला वाटलं साप शिरला असेल, नाहीतर मांजराने धसका दिला असेल. काठीने आतला भुसा उपसून पाहिला, काही नव्हतं. मग रोज एकेकीला धरून आत कोंबायचं आणि दार लावून घ्यायचं, असा आमचा नेमच झाला. आज ते आठवलं की जीव तुटतो. त्या बिचाऱ्या सांगत होत्या आणि आम्ही त्यांना पुन्हा त्याच जागी कोंडत होतो.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंडी कमी झाली. रोज चार-पाच मिळायची, ती दोनवर आली. काही अंड्यांच्या कवचावर तपकिरी-लाल बारीक ठिपके असायचे. मी ओल्या फडक्याने ते पुसून टाकत होते. ते काय आहेत असा प्रश्नही मला पडला नाही. तुरे फिके पडले. लाल तुऱ्याची कोंबडी गुलाबी दिसायला लागली, तेव्हा मी लिव्हर टॉनिक पाण्यात घालून पाहिलं. कुणीतरी म्हणालं उवा असतील. म्हणून भर दुपारी, उन्हात, एकेकीची पिसं उलटून पाहिली. पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी, मानेवर शोधलं. कातडी स्वच्छ. एक लीखसुद्धा नाही. तरीही पावडर आणली आणि दर आठवड्याला चोळत राहिले. चोळलं की चार दिवस मनाला समाधान वाटायचं, एवढाच त्याचा उपयोग.

याच दिवसांत आमची काबरी खुडूक बसली. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली होती. खुडूक कोंबडी कशी बसते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दिवसातून एकदा उठते, दाणा-पाणी करते आणि परत खोक्यात. बाकीच्या कोंबड्या निदान दिवसभर मोकळ्या असायच्या, पण काबरी दिवसरात्र त्याच खोक्यात होती. अठराव्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन गेले तर ती मान टाकून बसलेली. तुरा अगदी कागदासारखा पांढरा. हातात घेतली तर वजनच नाही. पायरीपर्यंत आणेस्तोवर गेली. अंडी अजून कोमट होती. दुसरी कोणी खुडूक नव्हती. मी ती टोपलीत घालून कपड्यांत गुंडाळून चुलीजवळ ठेवली, पण एकातूनही पिल्लू निघालं नाही.

खोकं साफ करताना पेंढा उचलला आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चुरचुरायला लागले. पाहिलं तर हातावर बारीक धूळ होती आणि ती धूळ वर चढत होती.

त्या रात्री अकराच्या सुमाराला मी टॉर्च आणि शिवणकामाचा जाड भिंगाचा चष्मा घेऊन खुराडं उघडलं. सोबत मांजरपाटाची एक पांढरी पट्टी घेतली होती. दांडीच्या खालच्या अंगाला, जिथे ती भिंतीच्या खाचेत बसते तिथे, ती पट्टी दाबून एकदाच ओढली. पट्टीवर लाल रेघा उठल्या. रंगाच्या नव्हेत, रक्ताच्या. मग टॉर्च कोंबड्यांकडे वळवला. पायाच्या खवल्यांवरून, पोटाच्या पिसांतून लाल-काळे ठिपके वरखाली चालले होते. दांडीवरून कोंबडीकडे एक रांग, कोंबडीवरून दांडीकडे दुसरी. दुपारी त्याच कोंबडीवर मला काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. मी कापडाचे सांधे बघून पोट भरणारी बाई. फळी फळीला जिथे मिळते तिथे बोटही कधी फिरवलं नव्हतं, याची मला आजही रुखरुख आहे.

दुसऱ्या दिवशी चिमटीभर पेंढा झाकणाच्या बाटलीत भरून पशुवैद्यकांकडे नेला. त्यांनी भिंगाखाली पाहून लगेच सांगितलं, हा लाल माइट. शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. 1778 मध्ये नाव मिळालेला हा जीव जगभर पसरलेला आहे. याला आपण किडा म्हणतो, पण तो कोळी आणि गोचिडांच्या कुळातला, आठ पायांचा. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम एक मिलिमीटरची, टाचणीच्या डोक्याहून लहान. उपाशी असते तेव्हा राखाडी-पांढरी दिसते, रक्त पिऊन आली की लाल, पचत आलं की काळपट. म्हणूनच दांडीच्या टोकाशी जी राखेसारखी भुकटी दिसते ती मी धूळ समजत आले होते. ती त्यांची टाकलेली कात, अंडी आणि विष्ठा होती.

त्यांच्याकडून जे कळलं ते मला लेखात हवं होतं. हा माइट कोंबडीच्या अंगावर राहत नाही. राहतो खुराड्यात: फटीत, खिळ्याच्या भोकात, बिजागरीच्या मागे, वाळलेल्या विष्ठेच्या थराखाली. अंधार पडला की कोंबडीच्या अंगाची ऊब आणि तिच्या श्वासाचा माग काढत येतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. दिवसा कोंबडीला पावडर चोळायची म्हणजे चोर गेल्यावर कुलूप लावायचं. त्याची अंडीही फटीतच. मादी एका वेळी चार ते आठ अंडी घालते, दर खेपेला त्याआधी रक्त पिऊन येते, आणि आयुष्यात साधारण तीसेक अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात आणि ते काही खात नाही. पुढच्या अवस्था रक्त पितात. उबदार, दमट हवेत अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा हा फेरा सात ते दहा दिवसांत पुरा होतो. माझी पावडर आठवड्याला एकदा, आणि तेवढ्यात त्यांची नवी पिढी तयार.

काबरी कशाने गेली हे मला त्या दिवशी समजलं. रक्त कमी होऊन. एकेक माइट नखाच्या टोकावर मावेल एवढं रक्तही पीत नाही, पण हजारोंनी रोज रात्री पितात. खुडूक कोंबडी आणि लहान पिल्लं यांना सगळ्यात आधी गाठतात, कारण ती जागा सोडत नाहीत. शिवाय एका पक्ष्याचं रक्त पिऊन दुसऱ्याकडे जाणारा जीव साल्मोनेलासारखे जंतूही बरोबर नेऊ शकतो.

माणसालाही चावतो, हेही लिहायला हवं. माझ्या सुनेच्या हातावर आणि पोटावर महिनाभर खाजरे लाल पुरळ येत होते. घामोळं म्हणून मलम चाललं होतं, मग खरूज म्हणून दुसरं. अंडी गोळा करायला रोज तीच जायची. हा माइट माणसावर वस्ती करत नाही, चावून निघून जातो, त्यामुळे डॉक्टरांना तपासताना काही दिसत नाही. घरात कोंबड्या आहेत, किंवा खिडकीशी कबुतराचं घरटं आहे, हे आपण होऊन सांगावं लागतं. खुराडं साफ झाल्यावर तिचे पुरळ औषधाविना गेले.

आता ज्यासाठी मुख्यत्वे लिहायला बसले तो मुद्दा. मी पशुवैद्यकांकडे जाण्याच्या आधी ओळखीच्या एकाने शेतात फवारायचं औषध बाटलीत भरून आणून दिलं होतं. कोंबड्यांवरच मार, एका फटक्यात साफ, असं सांगून. माणूस मनाने चांगला, आम्हाला मदत करायलाच आला होता. मी ते वापरलं नाही, पण ते केवळ काबरी खुडूक होती आणि अंड्यांना वास लागेल म्हणून. नाहीतर वापरलं असतं.

2017 साली युरोपात काय झालं ते वाचकांना कळायला हवं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये याच लाल माइटसाठी जे द्रव्य मारलं जात होतं, त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. फिप्रोनिल हे मुंग्या, वाळवी, कुत्र्यांच्या पिसवा यांवरचं कीटकनाशक. ज्यांची अंडी-मांस माणूस खातो अशा जनावरांवर ते वापरायला तिथे बंदी आहे. ते कोंबडीच्या चरबीत साठतं आणि तिथून हळूहळू अंड्याच्या बलकात उतरत राहतं. कित्येक देशांतून लाखो अंडी परत मागवून नष्ट करावी लागली, कोंबड्याही माराव्या लागल्या. तिथे तपासणीची यंत्रणा होती म्हणून ते उघडकीला आलं. आपल्या परसातलं अंडं कुठल्या प्रयोगशाळेत जातं? ते थेट नातवंडांच्या ताटात जातं. म्हणून बाटलीवर कोंबड्यांसाठी असं छापलेलं नसेल आणि औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे लिहिलेलं नसेल, तर ते औषध खुराड्याजवळही नेऊ नये. आणि अनेक ठिकाणी हे माइट नेहमीच्या फवाऱ्यांना सरावलेले आहेत. म्हणजे विष आपल्या पोटात जातं आणि माइट फटीत जिवंत राहतो.

आम्ही केलं ते सांगते. कोंबड्या दहा दिवस पडवीत, मोठ्या टोपल्यांखाली ठेवल्या. खुराडं रिकामं करून भुसा, पेंढा आणि खोकी लांब नेऊन जाळली. ह्यांनी पत्रा उतरवला तेव्हा त्याखाली चिमण्यांचं जुनं घरटं निघालं. बहुधा तिथूनच सुरुवात झाली असावी, रानपाखरांच्या घरट्यात हा माइट असतो. मग दांड्या काढल्या. ज्या फळ्या स्क्रूने सुटत होत्या त्या सोडवल्या. पटाशीने आणि जुन्या सुरीने प्रत्येक खाच खरवडली. ते काम बसून, हातात फळी घेऊन करावं लागतं. उभ्या उभ्या झाडू मारून होत नाही. सगळ्यात जास्त कुठे निघाले असतील? दांडी ज्या खाचेत बसते तिथे आणि दाराच्या बिजागरीमागे. बिजागरी उघडली तर आत बोटाच्या पेराएवढा लाल-काळा गोळा होता, आणि तो हलत होता.

नंतर उकळतं पाणी. पंचेचाळीस अंशांच्या वरच्या उष्णतेत हे तगत नाहीत, पण फवारा मारून उपयोग नाही, पाणी फटीच्या तळापर्यंत पोचायला हवं. म्हणून किटलीच्या चोचीतून सांध्या-सांध्यात ओतलं. त्यावर साबणाचं दाट पाणी ब्रशने. मग दोन दिवस कडक ऊन. ब्लो टॉर्चने जाळा असंही एकाने सुचवलं होतं, पण लाकडाच्या खुराड्याला ते आम्ही केलं नाही. लोखंडी पिंजरा असेल तर करता येईल, तोही मोकळ्या जागेत आणि पाणी हाताशी ठेवून.

आणि इथेच लोक थांबतात. मीही थांबले असते. साफ केल्यावर खुराडं इतकं छान दिसत होतं! पण उरलेल्या अंड्यांतून दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात. ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत पुन्हा गाठायला हवं. आम्ही पाचव्या दिवशी पुन्हा उकळतं पाणी आणि साबण केलं, दहाव्या दिवशी पुन्हा, पंधराव्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या खेपेलाही पट्टीवर एक बारीक लाल रेघ आली. चौथ्या खेपेला पट्टी कोरी निघाली. खुराडं रिकामं ठेवलं की उपाशी मरतील, या भरवशावर कुणी राहू नये. थंड जागी हे आठ-नऊ महिने रक्तावाचून जगू शकतात.

त्यानंतर ह्यांनी भेगा लांबी भरून बुजवल्या आणि दांड्या भिंतीपासून सोडवून चार पायांवर उभ्या केल्या. प्रत्येक पाय तेलाच्या वाटीत. आता भिंतीतून कोंबडीपर्यंत जायला वाटच नाही, मात्र दांडी कुठेही भिंतीला टेकता कामा नये आणि वाटीत पेंढा पडता कामा नये, नाहीतर त्याच काडीवरून पूल होतो. फटींत डायटोमाइट मातीची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या जुन्या कवचांपासून झालेल्या मातीची, बारीक भुकटी भरली. ती विषारी नसते, माइटच्या अंगावरचा मेणासारखा थर खेचून घेते आणि तो वाळून मरतो. ओल लागली की तिचा उपयोग संपतो. भरताना नाकातोंडाला मास्क लावावा आणि कोंबड्या बाहेर असाव्यात, ती धूळ फुप्फुसाला वाईट. राखेत आणि मातीत कोंबड्या लोळतात ते चालू द्यावं. अंगावरच्या उवांना त्याने आळा बसतो, फटीतल्या माइटला बसत नाही.

पाण्यातून द्यायचं औषधही निघालं आहे. फ्लुरालानेर त्याचं नाव. त्याला युरोपात 2017 सालीच मंजुरी मिळाली. ते कोंबडीच्या रक्तात उतरतं आणि रक्त पिणारा माइट मरतो. दोन मात्रा, सात दिवसांच्या अंतराने, म्हणजे मधल्या काळात फुटलेली अंडीही सुटत नाहीत. पण ते पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर, जिथे परवानगी आहे तिथे, आणि वजनावर माप काढून. अंदाजाने चमचा टाकायची ती गोष्ट नाही.

सगळेच किडे असे नसतात, हेही सांगायला हवं. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात आणि दिवसाही दिसतात. तिथे अंगाला लावायचं औषध लागू पडतं. दुसरा एक माइट असतो तोही अंगावरच वस्ती करतो, शेपटीखालची पिसं काळी पडतात. म्हणून आधी दिवसा पाहा, मग रात्री पाहा, आणि मगच औषध ठरवा. दिवसा कोंबडीवर काही नाही आणि रात्री पट्टी लाल, तर उपचार खुराड्याचा.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. त्या लेखाला पुरवणी म्हणून ही रात्रीच्या पट्टीची तपासणी छापावी. तिला काही लागत नाही, पांढरं कापड आणि टॉर्च घरोघरी असतो. मी आता दर पंधरा दिवसांनी करते. रोज बघायला दांडीच्या खाली पन्हाळीदार पुठ्ठ्याचा हातभर तुकडा सुतळीने बांधून ठेवला आहे. माइट त्याच्या नळ्यांत लपतात. आठवड्याने तो काढून पिशवीत घालून जाळायचा आणि नवा बांधायचा. पुठ्ठ्यात काही दिसलं तर त्याच दिवशी किटली चढवायची.

कोंबड्या आता तिन्हीसांजेला आपणहून आत जातात. अंडी चारवर आली आहेत.

सोबत त्या पहिल्या रात्रीच्या पट्टीचा फोटो जोडला आहे. शेजारी शिवणाची टेप ठेवली आहे म्हणजे मापाचा अंदाज येईल. शक्य असल्यास रंगीत छापावा. काळ्या-पांढऱ्या छपाईत ते डाग धुळीसारखेच दिसतील.

आपली,
शिवणकाम करणारी एक नियमित वाचक